आमरीचें बीं आणि आपलीं रानें

वैशाख सरत आला, म्हणजे कोंकणांतील जुन्या आंब्याफणसांच्या खांद्यांवर सीतेच्या वेणीचे पांढरे-जांभळे झुबके लोंबूं लागतात. वळवाचे दोन शिडकावे झाले, कीं घाटाच्या उतरणीवरील ऐनाकिंजळांवर तिच्या जातकुळींतील दुसऱ्या आमऱ्याही उमलतात. हीं फुलें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. परंतु हें झाड फांदीवर येतें कोठून, त्याचें बीं केवढें असतें व तें रुजतें कसें, याचा विचार आपणांपैकीं फार थोड्यांनीं केला असेल. आणि ज्यांनीं केला त्यांनीं तो बहुधा हातांत कोयता घेऊनच केला. कारण आंब्याच्या फांदीवर जें जें आंब्याचें नाहीं, तें तें बांडगूळ, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे.

या विषयावर आज लिहिण्याचें कारण असें. ज्यांस इंग्रजींत ऑर्किड व आपल्याकडे आमरी म्हणतात, त्या झाडांस अलीकडे शहरांत मोठी मागणी आली आहे. पावसाळ्यांत घाटरस्त्यांच्या कडेला व आठवड्याच्या बाजारांत रानांतून ओरबाडून आणलेल्या आमऱ्यांच्या जुड्या विकावयास येतात. दुसऱ्या बाजूस, सावलीच्या जाळीखालीं आमरीची लागवड करावी काय, असें पुष्कळ बागायतदार आम्हांस विचारूं लागले आहेत. या दोन गोष्टी वरवर निराळ्या दिसल्या, तरी त्यांचें उत्तर एकच आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें उत्तर म्हणजे आमरीचें बीं. रानांतून एकही झाड न उपटतां, एका बोंडापासून हजारों रोपें तयार करण्याची विद्या शंभर वर्षांमागेंच सिद्ध झालेली आहे. ती हातीं असतांना रान लुटणें हें जसें पाप आहे, तसाच तो अडाणीपणाही आहे.

प्रथम बांडगुळाचा आरोप पाहूं. खरें बांडगूळ आपलें मूळ आंब्याच्या फांदींत खुपसतें व तिच्यांतील रस शोषून घेतें. त्यामुळें गांठीपुढील फांदी खंगत जाते. तें काढलेंच पाहिजे, याविषयीं वाद नाहीं. आमरीची गोष्ट सर्वस्वीं निराळी आहे. तिचीं मुळें सालीवर केवळ पकड घेतात, आंत शिरत नाहींत. झाड तिला बसावयास जागा देतें, अन्न देत नाहीं. ओळखण्याची खूण सोपी आहे. आमरीचीं मुळें जाड, पांढुरकीं व सालीवरून सरपटणारीं असून पाणी लागतांच हिरवट दिसूं लागतात. बांडगुळाची फांदी पाहावी, तर ती आंब्याच्या लांकडांतूनच फुटल्यासारखी दिसते व जोडाच्या जागीं गांठ आलेली असते. आम्ही स्वतः या बाबतींत निर्दोष नाहीं. कित्येक वर्षांमागें एका जुन्या रायवळ आंब्याची साफसफाई करवितांना आम्हीं दोन टोपल्या भरून सीतेची वेणी खालीं पाडविली व खताच्या खड्ड्यांत टाकली. आंब्याचें पीक त्यामुळें एका फळानेंही वाढलें नाहीं. वेणी मात्र त्या आंब्यावर पुन्हा आली नाहीं.

पुन्हा कां आली नाहीं, हें समजावयास आमरीचें मूळ घर पाहिलें पाहिजे. जगांत आमरीच्या सुमारें २८,००० जाती आहेत. भारतांत सुमारें १,२५० आढळतात, आणि महाराष्ट्रांतही त्या शंभराहून अधिक आहेत. कांहीं जमिनींत वाढतात. पाऊस लागला कीं कंदांतून वर येतात व पाऊस सरला कीं जमिनींत लपतात. परंतु उष्ण प्रदेशांतील बहुतेक आमऱ्यांनीं झाडाचा आश्रय केलेला आहे. याचें कारण उजेड व हवा. दाट रानाच्या तळाशीं ऊन पोंचत नाहीं. वर फांदीवर पानांच्या जाळींतून गाळलेलें ऊन, खेळता वारा व पावसानंतर लगेच निथळणारी जागा मिळते. मुळांवर स्पंजासारखें आवरण असतें. तें पावसाचें वा दंवाचें पाणी क्षणांत शोषतें आणि मग हळूहळू आंत पुरवितें.

आपल्या सह्याद्रींतील आमऱ्यांची आणखी एक विशेषता शेतकऱ्यानें ध्यानांत घ्यावयास हवी. विषुववृत्तानजीकच्या रानांत बारा महिने पाऊस असतो. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडें. तेव्हां येथील आमरीनें कोरड सोसण्याची तयारी अंगीं बाणविली आहे. कोणी जाड पानांत पाणी सांठवितें. डेंड्रोबियमच्या आपल्याकडील कांहीं जाती हिवाळ्यांत पानेंच झाडून टाकतात व निष्पर्ण कांडीवर पांढरीं फुलें आणतात. ऐन, आंबा, जांभूळ, फणस अशा खरखरीत व भेगाळ सालीच्या जुन्या वृक्षांवर त्या वसतात. पेरूसारख्या किंवा निलगिरीसारख्या साल टाकणाऱ्या झाडावर त्यांस टिकाव धरतां येत नाहीं. म्हणजे वृक्ष जुना पाहिजे, त्याची साल स्थिर पाहिजे, तीवर थोडें शेवाळ पाहिजे, आणि भोंवतीं हवेंत ओल पाहिजे. असा वृक्ष तयार व्हावयास दोन पिढ्या लागतात, आणि तो तोडावयास अर्धा दिवसही लागत नाहीं.

आतां बियाकडे वळूं. भाताच्या दाण्यांत अंकुर असतो आणि त्या अंकुराच्या शिदोरीसाठीं मांडाचा सांठाही असतो. म्हणूनच दाणा चिखलांत पडला तरी पहिले कांहीं दिवस स्वतःच्या बळावर वाढतो. आमरीच्या बियांत ही शिदोरी मुळींच नाहीं. तें बीं म्हणजे धुळीचा कण होय; एका ग्रॅमांत कित्येक लाख मावतात. जातीपरत्वें एका बोंडांत हजारों, तर कांहीं जातींत कित्येक लाख बिया असतात. बोंड तडकलें, कीं त्या वाऱ्यावर कोसच्या कोस उडतात. निसर्गानें येथें संख्या दिली, परंतु पोटाला कांहीं दिलें नाहीं.

मग रानांत तें बीं रुजतें कसें? हें कोडें फ्रान्समधील नोएल बर्नार या तरुण शास्त्रज्ञानें १८९९ सालीं उलगडलें. जमिनींत दडलेल्या एका आमरीच्या बोंडांतील अंकुरित बिया त्याच्या दृष्टीस पडल्या, आणि त्या प्रत्येकींत एका सूक्ष्म बुरशीचे धागे शिरलेले त्यास दिसले. कुजक्या सालींतून व पाल्यांतून ती बुरशी साखर व क्षार मिळविते आणि आमरीचा अंकुर तिजपासून आपलें अन्न काढून घेतो. ज्या बियाला ती बुरशी भेटली तें जगलें. बाकीचें धुळींत धूळ होऊन गेलें. लाखांतून एखाददुसरें रोप उभें राहतें तें यामुळें. तेंही फुलावर यावयास अनेक वर्षें लागतात, आणि फूल आल्यावरही योग्य ती मधमाशी न फिरकल्यास बोंड धरत नाहीं. आमच्या आंब्यावर वेणी पुन्हा कां आली नाहीं, तें यावरून उमगेल. आम्हीं दोन टोपल्या झाडें पाडविलीं, म्हणजे बोंडें देणाऱ्या सर्व माता एका दिवसांत नाहींशा केल्या, आणि खरवडलेल्या सालीबरोबर ती बुरशीही बहुशः गेली.

असें असून मनुष्यानें आमरीचा संग्रह कसा केला, याचा इतिहास लाजिरवाणा आहे. १८५० सालीं जोसेफ हूकर या सुप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञानें खासी टेंकड्यांतून निळ्या वांडाचीं सात मजुरांचीं ओझीं भरून इंग्लंडास रवाना केलीं. त्यांतील फारच थोडीं झाडें जिवंत पोंचलीं, असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. तो विद्वान होता व निसर्गप्रेमी होता, तरी ही गत. मग व्यापाऱ्यांची कथा काय सांगावी! आल्बर्ट मिलिकन या आमरी गोळा करणाऱ्या गृहस्थानें १८९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांत कोलंबियांतील आपला पराक्रम नमूद केला आहे. दोन महिन्यांत सुमारें दहा हजार आमऱ्या मिळविल्या आणि त्यांकरितां सुमारें चार हजार वृक्ष आडवे केले! आज आपल्या घाटरस्त्यावर जी जुडी विकली जाते, ती याच परंपरेंतील धाकटी बहीण होय. अशी जुडी आम्हीं एकदां विकत घेतली होती. मुळें तुटलेलीं, कांड्या मुरगळलेल्या. दोन महिने तिनें तग धरला, आणि श्रावण संपण्यापूर्वीं ती कुजून गेली. विकणाऱ्यास चार पैसे मिळाले, आमचे पैसे बुडाले, आणि रानाचें जें गेलें तें कोणाच्याच हिशेबांत आलें नाहीं.

या लुटीला खरा पर्याय १९२२ सालीं मिळाला. अमेरिकेंतील कॉर्नेल विश्वविद्यालयांतील लुईस क्नुडसन या शास्त्रज्ञानें असें दाखवून दिलें कीं, बुरशी जी साखर पुरविते ती आपणच बाटलींत पुरविली, तर आमरीचें बीं बुरशीवांचून रुजतें. उष्ण प्रदेशांत या शोधाचा लाभ प्रथम ज्यांनीं चातुर्यानें घेतला, त्यांत सिंगापूरचें वनस्पति-उद्यान अग्रेसर होय. तेथें १९२८ सालीं एरिक होल्टम यांनीं बाटल्यांतून आमरीचें बीं पेरण्यास प्रारंभ केला व नवे संकर निर्माण केले. तीं रोपें पुढें सामान्य बागाइतदारांच्या हातीं गेलीं आणि त्यांतून फुलांचा एक धंदाच उभा राहिला. थायलंड देश आज डेंड्रोबियमचीं फुलें परदेशीं पाठवितो, त्याच्या मुळाशीं ही बाटलीच आहे. तेथील हवा व आपल्या किनारपट्टीची हवा यांत फार मोठें अंतर नाहीं. अंतर असलेंच, तर तें उद्योगाचें आहे.

ही रीत ऐकावयास अवघड वाटते. परंतु आमच्या कोंकणी वाचकांस ती राब आणि तरवा या दोन शब्दांत समजेल. राब कां भाजावयाचा? तर तरव्यांत तणाचें बीं राहूं नये म्हणून. बाटलीचेंही तेंच. साखरेचें पाणी म्हटलें कीं हवेंतील बुरशी व जंतु त्यावर तुटून पडतात आणि आमरीचा अंकुर त्यांच्यापुढें टिकत नाहीं. म्हणून बाटली, तिच्यांतील अन्न, बीं व हात हीं सर्व निर्जंतुक झालीं पाहिजेत. या एका गोष्टींत हयगय झाली, कीं बाकीचे सर्व श्रम वायां जातात.

बाटलींतील अन्नाचें जें प्रमाण क्नुडसनने १९४६ सालीं सुधारून प्रसिद्ध केलें, तें आजही उपयोगांत आहे. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यांत कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम, अमोनियम सल्फेट अर्धा ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट पाव ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट पाव ग्रॅम, फेरस सल्फेट २५ मिलिग्रॅम, मँगनीज सल्फेट साडेसात मिलिग्रॅम आणि साखर २० ग्रॅम. तें थिजविण्यासाठीं बारा ते पंधरा ग्रॅम अगर-अगर, म्हणजे आपल्या बायका जिला चायना ग्रास म्हणतात ती वस्तु. मिश्रण किंचित् आंबट, सामू पांचाच्या थोडा वर, असावें. यांतील पुष्कळसे क्षार आपण खत म्हणून शेतास घालतोंच. कित्येक अनुभवी लोक लिटरमागें दीडशे मिलिलिटर शहाळ्याचें पाणीही मिसळतात व त्यानें अंकुर जोमानें वाढतात. नारळाच्या मुलखांत ही वस्तु दुर्मिळ नाहीं. बाटल्या भरून, बोळे लावून, पंधरा पौंडांच्या दाबाखालीं वीस मिनिटें वाफवाव्यात. एवढा दाब देणारा घरगुती कुकर आरंभास पुरतो.

बोंड धरविण्याचें काम आपण हातानें करावें. दोन निरनिराळ्या झाडांवरील फुलें निवडावीं. एकाचा पिवळा परागगोळा काडीनें उचलून दुसऱ्याच्या चिकट खळगींत बसवावा. एकाच झाडावर स्वतःचेंच पराग घातल्यास संतति बहुधा दुबळी निघते, हें बियाण्याची पारख असणाऱ्यांस सांगावयास नको. बोंड पिकण्याची मुदत जातीपरत्वें कांहीं महिन्यांपासून वर्षापर्यंत असते. तें पूर्ण पिकण्यापूर्वीं, निम्म्याहून अधिक मुदत लोटल्यावर, हिरवें असतांनाच तोडलें तर काम सोपें होतें. कारण न तडकलेल्या बोंडाच्या पोटांतील बीं मुळांतच निर्जंतुक असतें. बोंड स्वच्छ धुऊन, स्पिरिटांत बुडवून, ज्योतीवरून फिरवून मग निर्जंतुक सुरीनें चिरावें व बीं बाटलींत झटकावें. बोंड तडकून गेलें असल्यास सुटें बीं ब्लीचिंग पावडरच्या गाळलेल्या निवळींत (१४० मिलिलिटर पाण्यांत १० ग्रॅम या मानानें) दहा-पंधरा मिनिटें हालवून मग पेरावें. मात्र एका झाडावरचीं सगळीं बोंडें कधींही घेऊं नयेत. एक आपण घ्यावें, बाकीचीं वाऱ्याला सोडावीं.

कांहीं आठवड्यांत बाटलीच्या तळाशीं हिरवे ठिपके दिसूं लागतात. त्यांस प्रथम पान ना मूळ. मोहरीहून लहान असे ते गोळे असतात. पुढें पान फुटतें, मग मूळ. दाटी झाली कीं रोपें दुसऱ्या बाटलींत विरळ करावीं लागतात. पेरणीपासून सुमारें वर्षानें तीं बाहेर काढण्याजोगीं होतात, आणि येथेंच नवशिक्याचें सर्वाधिक नुकसान होतें. बाटलीच्या ओलसर हवेंत वाढलेलें रोप एकदम उघड्या वाऱ्यावर आलें तर सुकतें आणि मृगाच्या धारेखालीं ठेवलें तर कुजतें. मुळांवरील सर्व अगर धुऊन काढावें. कोळसा, विटांचे तुकडे व पाण्यांत पुष्कळ दिवस भिजवून निथळलेल्या नारळाच्या सोडणांचे तुकडे यांत रोपें बसवावीं. निम्मी सावली, वर छप्पर आणि बाजूंनीं खेळता वारा ठेवावा. पाणी सकाळीं द्यावें, म्हणजे रात्रीपूर्वीं पानें कोरडीं होतात. गोगलगाईवर नजर असावी. एका रात्रींत ती वर्षाचें काम फस्त करते. उष्ण प्रदेशांतील या जातींस रात्रीची थंडी अठरा अंशांच्या फार खालीं गेलेली सोसत नाहीं. म्हणून किनारपट्टींत ज्या सुखानें वाढतात, त्या देशावरील थंडींत आडोशावांचून वाढवूं नयेत.

येवढें झाल्यावर फूल केव्हां? डेंड्रोबियमला पेरणीपासून तीन ते पांच वर्षें, आणि वांडाच्या वर्गांतील झाडांस त्याहूनही अधिक. येथें कित्येक वाचक मान हालवितील. परंतु जो शेतकरी नारळ लावून सहा-सात वर्षें वाट पाहतो, त्यानें पांच वर्षांस भिण्याचें कारण काय?

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. बियाची खटपट कशास, फुलांचा धंदा करणारे तर ऊतिसंवर्धित रोपें विकत आणतात, असें म्हणतात. हें खरें आहे. फ्रान्समधील जॉर्ज मोरेल यानें १९६० सालीं कोंवळ्या शेंड्यापासून हुबेहूब एकसारखीं रोपें करण्याची रीत दाखविली, तेव्हांपासून कापावयाच्या फुलांचा व्यापार त्याच रीतीवर चालतो. ज्यास एका रंगाचीं व एका मापाचीं फुलें दर आठवड्यास बाजारांत पाठवावयाचीं आहेत, त्यानें तींच रोपें घ्यावीं. परंतु हीं हजार रोपें म्हणजे वस्तुतः एकच झाड हजार जागीं. त्यास एक रोग लागला तर सर्वांस लागावयाचा. बियाच्या प्रत्येक रोपाचें कुळ सारखें असलें, तरी गुण निराळे असतात. त्यांतून निवड करतां येते, नवा संकर हातीं येतो, आणि जें रोप रानांत परत न्यावयाचें तें तर बियाचेंच असलें पाहिजे. आमच्या मतें या दोन रीती परस्परांच्या वैरी नाहींत. परंतु परक्या देशाच्या कारखान्यांतून रोपें आणून लावणें म्हणजे आमरीची विद्या मिळविणें नव्हे. ती विद्या बियापासूनच शिकावी लागते.

तिसरा आक्षेप असा कीं, हा श्रीमंतांचा शौक आहे. यावर आमचें उत्तर प्रांजळ आहे. आमरी हें भाताची वा आंब्याची जागा घेणारें पीक नाहीं. तिच्या आशेनें कर्ज काढूं नये. ज्याच्याजवळ आगर आहे, सावली आहे, पाणी आहे व घरांतील एखाद्या मुलास वा मुलीस या कामाची गोडी आहे, त्यानें जोडधंदा म्हणून थोड्यापासून सुरुवात करावी. फुलाला आपल्या देशांत मान नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. आपण जिला सीतेची वेणी म्हणतों, तीच आसामांत कोपौ फूल या नांवानें बिहूच्या सणांत स्त्रियांच्या अंबाड्यांत शोभते, आणि त्या राज्याचें तें राज्यपुष्प आहे.

परंतु धंदा हा आमच्या लेखाचा अर्धाच भाग होय. दुसरा अर्धा कर्तव्याचा आहे. कायदा आपल्या परीनें झटत आहे. आमऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७३ च्या करारानें निर्बंध घातले. भारत त्यांत १९७६ सालीं सामील झाला. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ सालीं वनस्पतींचें प्रकरण घातलें गेलें, आणि त्यांत निळ्या व तांबड्या वांडाचें नांव आलें. तथापि, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील रानें बहुतांशीं खासगी मालकीचीं आहेत, हें आपण विसरूं नये. तेथें आमरीचा रखवालदार वनखात्याचा शिपाई नसून सातबाऱ्यावर ज्याचें नांव आहे तो, म्हणजे आपणच आहों. लांकूडफांट्याचा ठेकेदार ठराविक वर्षांनीं दारांत येतो. काजू, रबर व अननस यांच्या लागवडीकरितां डोंगरच्या डोंगर साफ होतात. शेतकऱ्यास पैसा नको असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शंभर झाडें तोडतांना आमऱ्या वसलेले पांच जुने वृक्ष राखले, तर हिशेबांत किती तूट येईल? आपल्या वाडवडिलांनीं देवराईच्या नांवानें एवढें तर राखलें होतें. म्हणूनच आज त्या रायांत आमऱ्या दिसतात. आणि जो वृक्ष तोडणें अटळच आहे, त्याच्या आडव्या झालेल्या फांद्यांवरील आमऱ्या निदान सोडवून शेजारच्या उभ्या झाडावर बांधाव्यात.

गेलेली आमरी परत आणतां येते, याचा दाखला पुन्हा सिंगापूरचाच. तेथील मूळच्या रानांतील आमऱ्या बहुतेक नष्ट झाल्या होत्या. १९९५ पासून त्या उद्यानानें उरल्यासुरल्या झाडांचीं बोंडें घेऊन बाटलींत रोपें वाढविलीं आणि तीं शहरांतील बागांतून व रस्त्याकडेच्या वृक्षांवर बांधलीं. ज्या आमरीचा एकेक गड्डा हत्तीच्या पिलाएवढा वाढतो, ती वाघ-आमरीही अशा झाडांवर फुलली. शहरांतील रस्त्यावर जें साधलें, तें आपल्या आगरांत न साधण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

यास्तव आपल्या संघानें काय करावें, हें आम्ही थोडक्यांत सुचवितों. प्रत्येक तालुका शाखेनें एक लहानशी बंद खोली या कामास द्यावी: एक वाफेचें भांडें, कांचेच्या तावदानांची एक पेटी, दोनशे बाटल्या आणि दोन शिकाऊ तरुण, एवढ्यावर प्रारंभ होतो. शिक्षणाकरितां सिक्कीममधील पाक्योंग येथें १९९६ पासून असलेलें राष्ट्रीय आमरी संशोधन केंद्र व आपल्या घरचें दापोलीचें कृषि विद्यापीठ यांशीं पत्रव्यवहार करावा. सभासदांनीं आपापल्या जमिनींतील आमऱ्या वसलेल्या जुन्या वृक्षांची यादी शाखेकडे द्यावी. तीं आपलीं मातृवृक्षें. बोंडें तेथूनच यावींत, आणि तयार झालेल्या दर दहा रोपांपैकीं एक रोप त्याच वृक्षाच्या परिसरांत मृगाच्या आरंभीं काथ्यानें बांधावें, म्हणजे चार महिन्यांच्या पावसांत मुळें साल धरतात. उरलेलीं नऊ रोपें सभासदांनीं वाढवावीं अथवा विकावीं. परदेशीं पाठविण्याचा विचार असल्यास निर्यातीचे नियम आधीं विचारून घ्यावेत. आणि रानांतून उपटलेली आमरी, ती कितीही स्वस्त असो, आपल्यापैकीं कोणी विकत घेऊं नये. हा शेवटचा नियम पाळावयास ना खोली लागते, ना बाटली.

ज्या आंब्याची हकीकत आम्हीं वर सांगितली, त्याच्या खांद्यावर गेल्या पावसाळ्यांत आम्हीं बाटलींत वाढविलेलीं वेणीचीं सहा रोपें बांधलीं. चार जगलीं आहेत. त्यांचीं मुळें सालीला चिकटलीं आहेत. फूल यावयास अजून वर्षें लागतील, आणि तें पाहावयास आम्ही असूं किंवा नसूं. परंतु आंबा लावणारानें फळाचा हिशेब स्वतःपुरता केव्हां केला आहे? दोन टोपल्या झाडें आम्हीं एका सकाळींत पाडविलीं; त्यांतील चार परत ठेवावयास आम्हांस इतकीं वर्षें लागलीं. आमच्या शेतकरी बंधूंनीं ही चूक स्वतः करून शिकूं नये, एवढ्याचसाठीं हा लेख.